नाव माहेरच्या यादीत, बिऱ्हाड वाकडला: मतदार नोंदणी नक्की कुठं आणि कशी करायची?

निशिगंधा | ८ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान झालं. सुट्टी होती. सकाळी दूध आणायला खाली उतरले तर लिफ्टमध्ये चौघांच्या बोटाला शाई. दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर शाईच्या बोटांचे फोटो. मुलीनं विचारलं, "आई, तुझं बोट दाखव ना." मी विषय बदलला, पण ते मनातून जात नाही.

आम्ही वाकडला सहा वर्षं भाड्यानं राहतोय. पाणी टँकरचं, मुलीची शाळा इथली, घरपट्टीवरून घरमालकाची कुरकुर ऐकणारे आम्हीच. मत मात्र सांगली जिल्ह्यातल्या तासगावला, तेही माहेरच्या नावानं. यांचं नाव नांदेडला. २०२४ च्या लोकसभेला सांगलीचं मतदान ७ मे ला होतं, मंगळवार, रजा मिळाली नाही. १३ मे ला इथलं मतदान होतं, त्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती पण इथं माझं नाव नव्हतं. विधानसभेला मात्र पहाटेची एसटी धरून गेले, पाच तास जायला, पाच यायला.

आता इथं नाव आणायचं ठरवलंय. कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला म्हणतो, "महाराष्ट्राचं डोमिसाइल लागेल." आमच्या शेजारी इंदूरचं कुटुंब आहे, त्यांनाही त्यानं तेच सांगितलं, ते तर हातपाय गाळून बसलेत. खरंच लागतं का? नवीन अर्ज भरायचा की बदलाचा? आणि भाडेकरार यांच्या नावावर आहे, माझ्या आधारवर अजून तासगावचाच पत्ता आहे, मग मी कुठला कागद द्यायचा? आणि यादीत नाव माहेरचं आहे, ते बदलावं लागतं का?

पाऊलवाट | रात्री १०:३२

नमुना ८, म्हणजे बदलाचा अर्ज. नमुना ६, म्हणजे नवीन नोंदणीचा, अजिबात भरू नका. सविस्तर उद्या लिहितो.

दख्खनी | रात्री १०:५०

मी २०१७ ला सोलापूरहून ठाण्याला आलो तेव्हा नमुना ६ च भरला होता आणि नाव आलंही. उगाच घाबरवू नका त्यांना.

पाऊलवाट | रात्री ११:०५

दख्खनी, तुमचंही बरोबर आहे, पण तेव्हाच्या काळात. त्या वेळी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की नमुना ६ आणि त्याच मतदारसंघात घर बदललं की ८अ असा नियम होता. १ ऑगस्ट २०२२ पासून अर्ज बदलले. आता ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याला. त्यात "माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही" असं लिहून द्यावं लागतं. निशिगंधाताईंनी ते लिहिलं तर ते खोटं ठरेल. नेटवर जुने लेख तसेच पडून आहेत, लोक ते वाचून ६ भरतात आणि दुबार नावं वाढतात.

निवृत्त_कारकून | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

ताई, मी तहसीलच्या निवडणूक शाखेत अव्वल कारकून म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी डोमिसाइल. ते मुळीच लागत नाही. अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं आणि ते प्रवेशाला, नोकरीला उपयोगी पडतं. मतदार यादीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १९ मध्ये दोनच गोष्टी पाहतात: अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजायच्या ठरलेल्या तारखेला, वय १८ पूर्ण झालं का, आणि त्या मतदारसंघात तुम्ही सर्वसाधारण रहिवासी आहात का. नागरिक भारताचे हवेत, ते कलम १६ मध्ये. किती वर्षं राहता, हे कायदा विचारत नाही. इंदूरच्या शेजाऱ्यांना सांगा, वाकडला चूल मांडली की त्यांचं नाव चिंचवड विधानसभेच्या यादीत यायलाच हवं. त्यांचीही आधी तिकडं नोंद असणार, म्हणजे त्यांनाही नमुना ८ च. राज्य बदललं म्हणून अर्ज बदलत नाही.

मतदार हा मतदारसंघाचा असतो, राज्याचा नव्हे. याला एक मोठा अपवाद होता तो जम्मू-काश्मीर. २०१९ पर्यंत तिथं विधानसभेच्या यादीत यायला राज्याचा कायम निवासी असावं लागे. फाळणीत पश्चिम पाकिस्तानातून जम्मूला आलेली कुटुंबं लोकसभेला मत द्यायची, विधानसभेला मात्र त्यांना मत नव्हतं. नातवंडं मोठी झाली तरी नव्हतं. एका शब्दाच्या व्याख्येनं माणसाचं काय होतं, ते तिथं दिसलं.

आता 'सर्वसाधारण रहिवासी' म्हणजे कोण? कलम २० म्हणतं, एखाद्या ठिकाणी नुसतं घर आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ बाहेर गेलात म्हणून रहिवास संपतही नाही. आमचे एक साहेब शिपायालासुद्धा समजेल असं सांगायचे, "रोज रात्री पाठ कुठं टेकतो, ते विचार." सहा वर्षं पाठ वाकडला टेकताय, विषय संपला.

निशिगंधा | सकाळी ८:०५

काका, किती मोठं ओझं उतरवलंत. शेजारच्या भाभींना आत्ताच जाऊन सांगितलं, त्यांनी पोह्यांची बशी हातात ठेवली.

चाकरमानी_लांजा | सकाळी ९:४०

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

माझं नाव गावातच आहे आणि तिथंच राहणार. पंचवीस वर्षं डोंबिवलीत राहतो. पण गणपतीला, शिमग्याला, देवळाच्या कामाला गाव मला हाक मारतं. डोंबिवलीत माझ्या मजल्यावरच्या माणसाला माझं आडनाव माहीत नाही. ग्रामपंचायतीला आमच्या वाडीत दोनशेच्या आत मतं. मागच्या खेपेला आमचा सदस्य एका मतानं आला, आणि त्याला दोन मतं आमच्या घरातली. त्या सदस्यानं वाडीच्या विहिरीचा प्रश्न सोडवला. शहरात लाखातलं एक मत देऊन मी काय मिळवणार? सगळे चाकरमानी नावं काढून घेऊन गेले तर कोकणातल्या वाड्यांचं ऐकणार कोण?

ओसरी | सकाळी १०:१५

लांजाकर दादा, तुमची गावाची ओढ खरी आहे, माझीही आहे. पण एक विचारते. त्या विहिरीचं पाणी वर्षाचे किती दिवस तुम्ही पिता? जे बारा महिने पितात त्यांचा निर्णय तुमच्या दोन मतांनी फिरला. तो चांगला फिरला असेल. उद्या वाईटही फिरू शकतो, आणि फिरवणारे तुम्ही दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला परत. आमच्या गावात निवडणुकीच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात. गाडीचं भाडं कोण देतं, ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. मत कुणाचं, ते गाडीत बसतानाच ठरलेलं असतं.

आणि डोंबिवलीत लोकल, खड्डे, दवाखाना, हे पंचवीस वर्षं सोसताय. तिथं तुमचा आवाज नाही म्हणून तिथलेही तुम्हाला विचारत नाहीत. दोन्हीकडून तुमचंच नुकसान.

चाकरमानी_लांजा | सकाळी १०:४०

गाडीचं भाडं मी स्वतः भरतो, एवढं नमूद करतो. बाकी मुद्दा पोचला. विचार करतोय.

निवृत्त_कारकून | सकाळी ११:३०

लांजाकर, कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर ओसरीताईंचं म्हणणं योग्य आहे. आणि दोन्हीकडं नाव ठेवणं तर नकोच. कलम १७ आणि १८ नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तिथंही एकदाच. अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जानेवारीच्या पालिका निवडणुकीत संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते, पाहिलं असेल. पुष्कळ जण मुद्दाम दुबार होत नाहीत. बदली होते, नवीन अर्ज भरतात, जुनं काढायचं राहून जातं. नमुना ८ चा मोठा फायदा हाच की जुन्या ठिकाणचं नाव त्याच अर्जातून निघतं आणि ओळखपत्राचा क्रमांक, ती तीन अक्षरं आणि सात आकडे, तोच राहतो.

खडूफळा | दुपारी १:१०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे आणि गेली सहा वर्षं बीएलओ. म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. तुमचा अर्ज ऑनलाइन आला की तो माझ्या मोबाइलवर येतो आणि मी दारात येतो. त्या बाजूनं थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं अर्ज पाठवला की काम झालं.

माझ्याकडं शाळा सुटल्यावर दोन तास असतात. चार मजले चढून जावं तर कुलूप. शेजारी म्हणतात, "ते रात्री दहाला येतात." दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. तिसऱ्या दिवशी मला अहवाल द्यावा लागतो. खूप अर्ज इथं बाद होतात आणि माणूस म्हणतो की सरकारनं नाव कापलं. अर्जात चालू मोबाइल नंबर द्या, अनोळखी नंबर आला तर उचला, एवढीच विनंती. मी दारात आल्यावर फार काही बघत नाही. घरात भांडी आहेत, दोरीवर कपडे वाळतायत, शेजारच्या काकू नावानं ओळखतात. झालं.

एक आठवण सांगतो. एक अर्ज आला, पत्ता म्हणून 'उड्डाणपुलाखाली, खांब क्रमांक अमुक'. मी हसलो नाही, कारण नियम माहीत होता. बेघर माणसाकडं पत्त्याचा कागद मागायचा नाही, बीएलओनं रात्री जाऊन तो तिथं झोपतो का ते पाहायचं, एकापेक्षा जास्त रात्री. मी गेलो. चादर घडी करून, उशाला पत्र्याची पेटी, पेटीत जुना फोटो आणि मुलीचा शाळेचा दाखला. दुसऱ्या रात्री गेलो तेव्हा त्यानं माझ्यासाठी चहा आणून ठेवला होता. नाव लागलं त्याचं. कार्ड हातात दिलं तेव्हा त्यानं ते आधी डोक्याला लावलं. मला शिक्षक म्हणून जेवढं समाधान मिळालं असेल तेवढंच त्या दिवशी मिळालं.

ओसरी | दुपारी १:२५

गुरुजी, डोळ्यांत पाणी आणलंत.

अंगण_तुळस | दुपारी १:३०

खडूफळा सरांना नमस्कार.

दख्खनी | दुपारी २:००

पाऊलवाट, रात्रीच्या माझ्या प्रतिसादाबद्दल माफी. आत्ता तपासलं. माझं सोलापूरचं नाव अजून तिथंच आहे! ठाण्याला आहे ते वेगळं. आता काय करू?

पाऊलवाट | दुपारी २:२०

सोलापूरचं काढायला नमुना ७ भरा, कारण 'आधीच दुसरीकडं नोंद आहे'. आपणहून काढलंत तर काही अडचण नाही. घरातलं कुणी वारलं असेल तर तेही नाव काढायला हाच अर्ज, मृत्यूचा दाखला जोडायचा.

आता निशिगंधाताईंसाठी. मतदार सेवा पोर्टलवर मोबाइल नंबरनं लॉगिन, ओटीपी. नमुना ८, 'स्वतःसाठी', ओळखपत्र क्रमांक टाकला की तासगावची तुमची नोंद समोर येते. मग 'निवास स्थलांतर', त्यात 'मतदारसंघाबाहेर'. नवीन पत्ता घालताना जिल्हा पुणे आणि विधानसभा चिंचवड निवडा. वाकड म्हटलं की बरेच जण लोकसभा पुणे समजतात, ती मावळ आहे, पनवेल-उरणसकट. पत्त्याचा पुरावा जोडायचा, शेवटी संदर्भ क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, स्थिती त्यावरच कळते. आधार क्रमांकाची सक्ती नाही.

पुराव्यात चालतं ते असं: वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, सातबारासारखा महसुली कागद, विक्रीखत, आणि भाडेकरूसाठी नोंदणीकृत भाडेकरार. 'नोंदणीकृत' याकडं लक्ष द्या. शंभराच्या स्टॅम्पवर नुसती सही केलेला चालत नाही.

निशिगंधा | दुपारी २:४५

करार नोंदणीकृत आहे, पण यांच्या एकट्याच्या नावावर.

निवृत्त_कारकून | दुपारी ३:१५

मग क्रम सांभाळा. पुरावा आई-वडील, नवरा-बायको किंवा सज्ञान मुलाच्या नावावर असला तरी चालतो, पण ती व्यक्ती त्याच पत्त्यावर आधीच मतदार असायला हवी. आधी मिस्टरांचा नमुना ८ भरा. त्यांचं नाव लागलं की त्याच करारावर तुमचा भरा. दोघांनी एकाच दिवशी भरलात तर त्यांचा होईल आणि तुमचा अडकेल. दुसरा मार्ग म्हणजे आधार किंवा पासबुकावरचा पत्ता आधी बदलून घेणं.

घरमालक_एक | दुपारी ४:००

मी घरमालकांच्या बाजूनं लिहितो. माझा फ्लॅट चिंचवडला भाड्यानं आहे. भाडेकरूनं नोंदणीकृत करार मागितला तेव्हा मी बरेच महिने टाळलं. मनात भीती होती, इथं मतदान कार्ड काढलं, उद्या घरावर हक्क सांगितला तर? वकिलाकडं गेल्यावर कळलं की करार नोंदवणं ही भाडे नियंत्रण कायद्यानं माझीच जबाबदारी आहे आणि मतदार यादीतल्या नावानं घरावर कसलाही हक्क मिळत नाही. त्या मुलाला मी एक निवडणूक हुकवायला लावली, याचं वाईट वाटतं. इथं आणखी कुणी मालक वाचत असतील तर त्यांनी भाडेकरूला अडवू नये.

सायली_हॉस्टेल | संध्याकाळी ६:१०

मी लातूरची, पुण्यात हॉस्टेलला. ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होतील. मला १ जानेवारीपर्यंत थांबायचं का? आणि घरचा पत्ता देऊ की हॉस्टेलचा?

पाऊलवाट | संध्याकाळी ६:३०

थांबायचं नाही. २०२२ पासून वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तुला १ ऑक्टोबर लागू. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, आजच नमुना ६ भर. विद्यार्थ्यांना दोन्ही पर्याय खुले आहेत, लातूरचं घर किंवा हॉस्टेल. हॉस्टेलचा दिलास तर कॉलेजकडून तिथं राहत असल्याचं लिहून घ्यावं लागेल.

तीन वर्षांचा पदवीचा कोर्स असेल तर मी म्हणेन पुण्यात नोंद कर, पुढं बदललं तर नमुना ८ आहेच.

खडूफळा | संध्याकाळी ६:४५

सायली बेटा, अभिनंदन. आमच्या वडिलांच्या पिढीला २१ पर्यंत थांबावं लागायचं. १९८९ ला ६१ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा १८ झालं.

शिरूरकासारकर | रात्री ८:३०

'पाठ कुठं टेकतो' हे काकांनी लिहिलंय ते वाचलं. आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांचं काय मग? दिवाळी झाली की टोळ्या निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. बैलगाडी, पोरं, कोंबड्या सगळं घेऊन पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात पालात राहायचं. २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन निघायच्या वेळेला. मुकादमाची उचल घेतलेली, मधेच परत यायला पैसा कुठला? नाव कारखान्याच्या गावात लावा म्हटलं तर दर साली कारखाना बदलतो. मी शिक्षक आहे, पालावर राहिलेली पोरं माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या आईबापाचं मत कुणी मागायलाही येत नाही.

निवृत्त_कारकून | रात्री ९:००

गुरुजी, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. नोंदणीच्या बाबतीत त्यांचं नाव गावातच राहतं आणि राहायला हवं. हंगामापुरतं बाहेर जाणं म्हणजे तात्पुरती गैरहजेरी, त्यानं रहिवास तुटत नाही, कलम २० तेच सांगतं. कुणी त्यांची नावं 'गावात राहत नाहीत' म्हणून नमुना ७ नं काढायला निघालं तर हरकत घ्या. पण प्रत्यक्ष मत देण्याची सोय नाही, हे दुःख खरं आहे. सैनिकाला टपाली मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवता येते, ८५ च्या पुढच्या आजीला नमुना १२ड भरून घरून मत देता येतं. फडातल्या कोयत्याला अजून काही नाही. ते व्हायला हवं, मी नोकरीत असल्यापासून म्हणतोय.

अंगण_तुळस | रात्री ९:२०

शिरूरकासारकर सर, या विषयावर वेगळा धागा काढाच. इथं हरवून जाईल.

ओसरी | रात्री ९:४५

निशिगंधाच्या नावाच्या प्रश्नाकडं वळूया, तो राहिलाच. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर नमुना ८ मध्येच 'नोंदीत दुरुस्ती' आहे, विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. पण पोर्टलवर एका वेळी एकच कारण निवडता येतं. म्हणजे आधी स्थलांतर, ते झालं की दुरुस्ती, असे दोन अर्ज. आणि नाव बदलायलाच हवं असं कुठंही लिहिलेलं नाही. माझं माहेरचंच आहे, तीस वर्षं तेच आहे.

यावरून आठवलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी यादी करायला माणसं दारात गेली तेव्हा उत्तरेतल्या बऱ्याच भागात बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. मुदत देऊनही ज्यांची नावं मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. नंतरच्या निवडणुकीत त्या आल्या. मतदार होण्यासाठी बाईला आधी स्वतःचं नाव उच्चारावं लागलं. माझ्या आजीनं यादीवाल्याला नाव सांगितलं तेव्हा आजोबा पुढच्या खोलीत होते आणि त्यांना ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं, असं ती सांगायची.

माजगावकर_एडिसन | १० फेब्रुवारी, पहाटे ४:१०

न्यू जर्सीतून. इथं उलटं आहे. इथं राज्याच्या रहिवासाला महत्त्व आहे, नोंदणी राज्य आणि काउंटी करते. न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधी नाव हवं. नॉर्थ डकोटात तर नोंदणीच नाही, थेट ओळखपत्र दाखवून मत.

पण मी लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. आपली मुलं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीनकार्डवर येतात, गाडीचा परवाना काढायला मोटार वाहन कार्यालयात जातात. १९९३ च्या कायद्यामुळं तिथंच मतदार नोंदणीचा प्रश्न विचारतात. घाईत 'हो' वर खूण झाली की झालं. नागरिक नसताना नोंदणी केली तर पुढं नागरिकत्व अडतं, देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची चार वर्षं वकिलांच्या दारात गेली. नागरिक नसाल तर त्या चौकटीला हात लावू नका.

आणि ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांच्यासाठी नमुना ६अ. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. २०११ पासून ही सोय आहे. मात्र मत द्यायला स्वतः जावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन.

म्हापशेकर | सकाळी ८:५०

गोव्यातून थोडं. एडिसनकरांच्या बोलण्याला जोडून सांगतो, आमच्याकडं पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा प्रश्न घरोघरी आहे. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मत नाही. लोक विसरतात आणि नाव यादीत तसंच राहतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे मतदार यादीची घरोघरी फेरतपासणी, सुरू झालं. बीएलओ बाई गणना अर्ज घेऊन दारात, आणि जुन्या यादीत आपलं किंवा आईवडलांचं नाव शोधा म्हणाली. माझ्या वडलांचं नाव शोधताना त्या पानावर अख्खा वाडा सापडला. अर्धी माणसं आता नाहीत. आई बराच वेळ ते पान वाचत बसली होती. सांगायचं एवढंच, जुन्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कुठंतरी लिहून ठेवा. कधी लागेल सांगता येत नाही.

दख्खनी | सकाळी ९:३०

एक शंका. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केला तर चालतो का? आमच्याकडं लोक तेव्हाच जागे होतात.

निवृत्त_कारकून | सकाळी १०:००

विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच यादीत बदल करता येतो, आणि अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचायला हवा. पालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचं तर आणखी वेगळं. तिथं राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांत फोडतो, स्वतः नाव घालत नाही. जानेवारीच्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी वापरली. डिसेंबरात जागा झालेला माणूस कितीही धावला तरी त्यात येणं शक्य नव्हतं.

पदवीधर मतदारसंघाची यादी तर दर वेळी कोरी करतात. मागच्या वेळी होतं म्हणून आता असेल, असं समजू नका. त्याचा अर्ज नमुना १८.

चाकरमानी_लांजा | रात्री १०:२०

घरी बोललो. बायको म्हणाली, "मी हे दहा वर्षं सांगतेय." आम्ही दोघं डोंबिवलीत नोंद करतो. आईचं नाव गावात राहील, ती तिथंच राहते. विहिरीसाठी मी मतावाचूनही जाईन.

ओसरी | रात्री १०:२५

दादा, मनापासून आभार.

निशिगंधा | १९ एप्रिल, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. यांचा अर्ज भरला ९ फेब्रुवारीला आणि मार्चच्या सुरुवातीला नाव लागलं. मग काकांनी सांगितलं तसं त्याच करारावर माझा भरला. मधे एकदा अर्ज बाद झाला, कारण 'पत्त्यावर आढळल्या नाहीत'. मी ऑफिसात होते. खडूफळा सरांचं वाक्य आठवलं, चिडले नाही, पुन्हा भरला आणि ऑफिसातसुद्धा फोन जवळ ठेवला.

काल बीएलओ आल्या. अंगणवाडी सेविका आहेत, पायात चप्पल, हातात कापडी पिशवी, पिशवीत आमच्या इमारतीची यादी रबराला गुंडाळलेली. मुलीनं पाणी दिलं. त्यांनी यादीत आमच्या मजल्याच्या नावांवरून पेन्सिल फिरवली आणि विचारलं, "नाव हेच ठेवायचं ना, माहेरचं?" मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आईचं नाव तेच आहे." तेच ठेवलं. आज सकाळी संदेश आला, अर्ज मंजूर. ओळखपत्राचा क्रमांक जुनाच. इंदूरच्या भाभी आणि भैयांचंही नाव लागलंय, आमच्याच यादी भागात.

तासगावचं नाव आपोआप निघालं की नाही, ते कुठं बघायचं?

पाऊलवाट | रात्री ९:२५

अभिनंदन! पोर्टलवर ओळखपत्र क्रमांकानं शोधा. एकच नोंद यायला हवी, चिंचवडची. दोन दिसल्या तर इथं लिहा.

निशिगंधा | रात्री ९:३२

एकच आहे. खोली क्रमांकासकट. मतदान केंद्र मुलीच्याच शाळेत.